आधी नाव, मग सूप

सोम. ८ जानेवारी १९७३
सकाळी चष्मा शोधण्यात अर्धा तास गेला. देवळीत हात घालून चाचपत होतो. आमची कमळा चुलीपासून ओरडली, "तिथं काय शोधून राहिले? दिवाळीपासून कपाटावर ठेवून राहिली मी!" माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तरी तिसऱ्यांदा देवळीतच पाहिलं. कपाट समोर होतं, दिसलं नाही.

डेपोत मालकांनी सगळ्या बायांसमोर सांगितलं. यंदा तेंदूपत्ता कमी आला, तेव्हा फेब्रुवारीअखेर एक बिडीकार्ड, म्हणजे एका बाईचं काम, बंद करावं लागेल. जिची छाट सगळ्यांत जास्त, तिचं. बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. साहजिक आहे. छाट काढतो कोण? मी. बाया पत्ता-तंबाखू घरी नेऊन बिड्या वळतात, दुसऱ्या दिवशी टोपली आणतात आणि मी ढिल्या, पोकळ, फाटक्या वेचून बाजूला टाकतो. चौदा वर्षं हाच धंदा. मागच्या ओळीतून कोणीतरी "घार" म्हणालं. म्हणू दे. घारच आहे मी.

गुरु. ११ जाने.
नेहमीचंच. बाई टोपली ठेवते, मोठ्याने नाव सांगते, दिवाणजी वहीत मांडतो, मग मी टोपली सुपात पालथी करतो. आधी नाव, मग सूप. मालकांच्या वडिलांपासूनची रीत.

"सावित्री!" दोनदा नजर फिरवली, एकही नाही. काय हात आहे बाईचा.

"अनसूया!" सुपाच्या डाव्या कोपऱ्यात पहिलीच ढिली. मग तिच्या शेजारची. बघता बघता मूठभर.

अनसूया म्हणाली, "माह्याच टोपलीत तुमाले एवढं कसं दिसते जी?"

म्हटलं, असतं म्हणून दिसतं. बाया हसल्या. उत्तर झकास जमलं, मीही जरा खूश झालो.

मंगळ. १६ जाने.
थंडीने बोटं वळत नाहीत. तंबाखूच्या भुकटीने दिवसभर शिंका.

अनसूया आज सगळ्या गेल्यावर मागे थांबली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दोन मुली, दोघी शाळेत. रडली-बिडली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "छाटीवरून कार्ड कटलेल्या बाईले दुसरा कोणताच कारखानेवाला दारात उभं करत नाही. एवढं ध्यानात ठेवा, चेकरभाऊ."

मी म्हटलं, बाई, मी माणूस पाहत नाही, बिडी पाहतो.

"तेच तर म्हणून राहिली मी. बिडी पाहा."

फटकळ आहे. पहिल्यापासूनच.

मंगळ. २३ जाने.
अनसूयेची आजही मूठभर. सावित्रीची काही नाही. सावित्री तोंडाला पदर लावून टक लावून पाहत होती माझ्याकडे. पडसं झालं असेल. सगळ्यांनाच झालंय.

कमळाने संत्र्याच्या साली वाळत घातल्यात, घरभर वास.

सोम. २९ जाने.
काय झालं ते नीट लिहितो, नाहीतर उद्या मीच मनाने बदलून टाकीन.

अनसूयेची छाट काढून झाली होती. सावित्री ओळ मोडून पुढे आली. मला वाटलं भांडण. तिने छाटीच्या ढिगातली एक बिडी उचलली, माझ्या नाकासमोर धरली.

"चेकरभाऊ, हे कोनाची?"

म्हटलं, अनसूयेची. आत्ताच तर काढली.

"माही आहे. आठ दिवस झाले, रस्त्यातच टोपल्या बदलून राहिलो आम्ही. अनसूया म्हणून जे ठेवते ते माह्या हातचं. अन् माह्या नावानं तुमी जे न पाहताच पास करता, ते हिच्या हातचं."

दिवाणजीची लेखणी थांबलेली. सावित्री हसत नव्हती. म्हणाली, "मीच म्हटलं होतं हिले, तुहाच हात ढिला असंन वं, चेकरभाऊ कायले खोटं काढतीन. हिले खोटं पाडाले केलं मी हे. तुमची बाजू घ्याले."

अनसूयेने टोपली उचलली, गेली.

मालक इतवारी बाजारात होते, हे बरं. की वाईट.

मंगळ. ३० जाने.
जेवण गेलं नाही. कमळाला सांगितलं नाही, पण तिने ओळखलं. "कोनाशी भांडून आले?" स्वतःशी, असं म्हणायचं होतं.

दिवसभर एकच हिशोब. आठ दिवस सावित्रीच्या हातच्या बिड्यांत मला खोट दिसली, कारण नाव अनसूया होतं. आठ दिवस अनसूयेच्या हातच्या बिड्या माझ्यासमोरून राणीसारख्या गेल्या. मग आधीची वर्षं? मी मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मुद्दाम केलेलं माणूस थांबवू शकतो. मी तर खरोखर बघत होतो हो. मन लावून.

खोटं कशाला लिहू, पहिला विचार आडनावाचा आला. सावित्री आमच्यातली, अनसूया त्यांच्यातली. लगेच म्हटलं, छे, मी तसा नाही. वही माझी, वाचणारा मीच, तरी हे लिहिताना हात थांबला.

गुरु. १ फेब्रु.
नाही, कारण सापडलं. ती पोकळ बिडी.

मी डेपोत तसा नवाच होतो तेव्हाची गोष्ट. बाहेरगावच्या व्यापाऱ्याने जुडी सोडली आणि आत एक बिडी पोकळ निघाली, नुसता पत्ता, तंबाखूचा कण नाही. मालकांच्या वडिलांनी ती माझ्या कानावर खोचली आणि दिवसभर तशीच ठेवायला लावली. बाया येत होत्या, जात होत्या. मी सूप हलवत होतो आणि कानावर पोकळ बिडी. ती अनसूयेची होती. त्याच आठवड्यात ती कामाला लागली होती. म्हणून माझा डोळा तिच्या टोपलीवर. कारण आहे म्हणजे मी अगदीच काही...

ट्रंकेतून जुनी रोजनिशी काढतो. १९६१ ची असेल.

त्याच दिवशी, दिवेलागण
सापडली. कसरीने खाल्ली आहे, पण वाचता येते. माझंच अक्षर: "पोकळ बिडी कोणाच्या टोपलीतली ते अखेर कळले नाही. जुड्या एकत्र झाल्या होत्या. दिवसभर कानावर. नवीन बाई, अनसूया नावाची, माझ्याकडे पाहून हसली."

एवढंच. कळले नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. पुढच्या बारा वर्षांत कधीतरी मी ती बिडी उचलून तिच्या टोपलीत ठेवली. कधी ते मलाच माहीत नाही. ती हसली, एवढाच तिचा गुन्हा.

शनि. ३ फेब्रु.
सुपावर डोळे न टाकता छाट काढून पाहिली. डोळे मिटले, नुसती बोटं फिरवली. बिडी चिमटीत धरली की ढिली कळते, पोकळ तर लगेच कळते. सावित्रीच्या चार निघाल्या. अनसूयेच्या तीन. इतरांच्याही तशाच, दोन, चार. जन्मात पहिल्यांदा सगळ्या बाया सारख्या. इतका आनंद झाला की अंगावर काटा आला. (टोपल्या आता जिच्या तिच्याच नावावर येतात. मीच सावित्रीला म्हटलं, बाई, पुन्हा नको.)

मालक मागे उभे होते.

"वामनराव, झोपून राहिले काय?"

बायांना हसू आवरेना. मी म्हटलं, हाताने चांगलं कळतं. तर म्हणे, "हात बिडी बनानेवालों के. चेकरचे डोळे पाहिजेत. व्यापारी आला अन् तुम्ही असे डोळे मिटून बसलेले दिसले तर? माल कोण घेईल?"

डोळे उघडले. पुढची टोपली अनसूयेची नव्हती, पण ओळीत तिसरी तीच उभी होती, आणि माझं लक्ष आतापासूनच तिथे.

मंगळ. ६ फेब्रु.
मालकांना टोपल्या बदलल्याचं सगळं सांगितलं, कोणाचंच नाव न घेता. (दिवाणजीनेही सांगितलेलं नाही.) दुसरं मागितलं: नाव आधी नको, नंतर. बाईने मुकाट टोपली ठेवायची, मी छाट काढायची, मग दिवाणजीने नाव विचारायचं. बाया आडोशाला उभ्या राहतील.

मालक म्हणाले, "ओळ मोडेल. टोपली कोणाची ते नंतर ठरवायचं म्हणजे रोज भांडण. बाबूजींपासून आधी नाव घेतात."

म्हटलं, माझी नजर खोटी आहे.

तर हसले. "खोटी नजर? मग चौदा वर्षं जी छाट काढली, ती खोटी काय? ज्या बायांना घरी बसवलं त्यांनाही बोलावून आणू काय?"

मला चार नावं आठवली. चौघीही माझ्या सहीने गेलेल्या. त्यातल्या एकीचा मुलगा मला महाल भागात भेटतो, नमस्कार करतो.

शुक्र. ९ फेब्रु.
आता उलटंच. अनसूयेची टोपली आली की नजरेला लगाम घालतो. मनात म्हणतो, बघ, चांगल्या आहेत, सगळ्या चांगल्या आहेत. आणि चांगल्याच दिसतात! काहीच दिसत नाही. चार दिवस तिची छाट शून्य.

आज मालकांनी पास झालेल्या मालातली जुडी सहज उचलली, सोडली. पोकळ बिडी. दिवाणजीने खूण पाहून नाव सांगितलं. अनसूया. या वेळी खरोखर तिची.

मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "दया येऊन राहिली काय, वामनराव?"

अनसूया माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, मीच घातली. तिला सांगणार काय? की बाई, आधी मला तुझ्या टोपलीत नसलेलं दिसायचं, आता असलेलं दिसत नाही. दोन्हीकडून मीच.

इकडे आड, तिकडे विहीर. मध्ये ती उभी आहे, मी नाही.

सोम. १२ फेब्रु.
मालकांनी मला सीताबर्डीवर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. स्वखर्चाने, वर टांग्याचं भाडं. एवढा मान चौदा वर्षांत कधी मिळाला नव्हता.

डॉक्टर तरुण. अक्षरांचा तक्ता दाखवला, मी शेवटची ओळ घडाघडा वाचली. डोळ्यांत उजेड मारला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, मला एका बाईच्या टोपलीत जास्त खोट दिसते. त्यांनी उजेड विझवला. "बाकीच्यांच्या टोपलीत बरोबर दिसतं?" हो. "मग डोळे ठीक आहेत, काका."

सर्टिफिकेट दिलं. जवळचा चष्मा आहे तोच, बाकी नजर उत्तम.

बुध. १४ फेब्रु.
मालकांनी सर्टिफिकेट माझ्या बैठकीवर भिंतीला लावलं. खिळा स्वतः ठोकला. बायांना वाचून दाखवलं. "आता कोणाची तक्रार नको. डॉक्टरने लिहून दिलं आहे."

अनसूयेने मान वर करून तो कागद पाहिला. तिला वाचता येत नाही. शेजारणीला विचारलं, "का लिहिलं आहे वं?" शेजारीण म्हणाली, "लिहिलं आहे की चेकरभाऊले बरोबर दिसते."

तो कागद दिवसभर डोक्यावर. पंख्याच्या वाऱ्याने फडफडतो. तेव्हा कानावर बिडी होती, आता डोक्यावर हे. ती बिडी निदान संध्याकाळी काढून टाकता आली.

रवि. १८ फेब्रु.
सुट्टी. कमळाला अखेर सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हे नवलच. मग म्हणाली, "आणल्या आहेत काय त्या बिड्या?"

आणल्या होत्या. काल दोघींच्या टोपलीतून मूठ मूठ उचलून एकाच कागदात बांधल्या होत्या. माझ्याच परीक्षेसाठी. अंगणात सुपावर पसरल्या. तासभर पाहिल्या. कोणती कोणाची, काही कळेना. सगळ्या बिड्या, नुसत्या बिड्या. मी म्हटलं, बघ, सुटलो. गेलं डोळ्यातलं.

कमळाने एक उचलली, म्हणाली, "हे अनसूयेची."

आणि मला तिचं टोक सैल दिसलं. बघितल्याबरोबर. दोरासुद्धा कमी गुंडाळलेला.

म्हटलं, बरोबर. तुला कसं कळलं?

"मले कुठं कळते? मी आपलं नाव घेतलं."

मग तिने तीच बिडी माझ्या हातात दिली, म्हणाली, "आता हे सावित्रीची." पाहिली. टोक घट्ट होतं. म्हणजे होतंच ना घट्ट? मघाशी सैल होतं.

कमळा घाबरली. मला नाही, माझ्याकडे बघून. सूप आत नेलं आणि त्यात तांदूळ घेऊन खडे निवडायला बसली. मला म्हणाली, "तुमी राहू द्या."

गुरु. २२ फेब्रु.
बोलायला काही नाही. रोज जातो, सर्टिफिकेटखाली बसतो, छाट काढतो. डोळा ओढला तरी तिथेच जातो, आवरला तरी त्याला तिथेच आवरावं लागतं. तिच्या टोपलीपुरतं मला सरळ बघताच येत नाही. आज तिच्या निम्म्या छाटीत टाकल्या, उगाच, अंदाजाने. घार कसली, घाण्याचा बैल.

मालकांना राजीनाम्याचं सुचवलं. म्हणाले, जा खुशाल, पण फेब्रुवारीअखेरची छाट तुमच्या हातची आहे, सही करून जा.

मंगळ. २७ फेब्रु.
वही बंद झाली. जानेवारीपासूनची छाट सगळ्यांत जास्त: अनसूया. तिचं कार्ड दिवाणजीने काढून माझ्यापुढे ठेवलं. मागच्या बाजूला शेरा लिहायचा, "छाट जास्त", खाली चेकरची सही. परवा सकाळी पत्ता वाटायच्या आधी मालकांना द्यायचं. सही नसेल तर? मी विचारलं. मालक म्हणाले, "मग त्या आठ दिवसांच्या टोपल्या कोणी बदलल्या ते सांगा. दोन्ही कार्डं बंद करतो. चोरीच आहे ती."

म्हणजे सावित्रीही. माझी बाजू घ्यायला निघाली होती बिचारी.

बुध. २८ फेब्रु.
आज अनसूयेला थांबवलं. पहिल्यांदा मी थांबवलं. कार्डाचं तिला कळलंच होतं. ती म्हणाली, "टाका सही. सावित्रीले यात ओढू नका, तिचं घर मोठं आहे."

मी ते बोललोच नाही. विचारलं, तुम्ही नवीन आलात तेव्हा, बारा वर्षांपूर्वी, माझ्या कानावर बिडी होती. तुम्ही हसलात. आठवतं?

तिला आठवायला वेळ लागला. मग चक्क हसली. तशीच असेल हसलेली तेव्हा.

"हो जी! बिडी कानावर ठेवून ऐटीत बसले होते तुमी. मले वाटलं चेकर लोक ठेवत असतीन. घरी जाऊन मालकाले सांगतलं मी, आमचा चेकर मोठा रुबाबदार आहे म्हणून." (मालक म्हणजे तिचा नवरा.) मग माझा चेहरा पाहून थांबली. "काहून? का झालं?"

शिक्षा होती ती, म्हटलं.

"मले काय माहीत. नवी होती मी."

मला रडू येत होतं, या वयात, तंबाखूच्या पोत्यांमध्ये. तिने टोपली कमरेवर घेतली. दारातून म्हणाली, "उद्या टोपली आणू का नको, तेवढं सांगून देजा."

मी म्हटलं, आणा. का म्हटलं, कळत नाही. कशाच्या जोरावर?

घरी आलो. दौत, टाक, कार्ड. कमळा दोनदा जेवायला बोलावून गेली. कार्ड उपडं घातलं आहे, शेऱ्याची कोरी बाजू वर, नाव खाली. तरी मला कोऱ्या बाजूवर तिचंच नाव दिसतं आहे.